विदाविज्ञानातील पीएच.डी. संशोधक आणि यजमानाचा प्रश्न : आष्टी (जि. जालना) परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन व्यवहारात 'प्लेसमेंट' हा शब्द आता पुरता रुळला आहे. त्यासाठी स्वतंत्र कक्ष असतो, समन्वयक प्राध्यापक असतो, आणि नॅकच्या पाचव्या निकषाखाली किती विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागल्या याचा तक्ता दरवर्षी भरावा लागतो. या तक्त्याने शब्दाचा एक अर्थ इतका घट्ट करून टाकला आहे की दुसरा अर्थ जवळजवळ विस्मरणात गेला. पीएच.डी. संशोधकाच्या संदर्भात या शब्दाने नोकरी सूचित होत नाही. आपले विद्यापीठ आणि आपला मार्गदर्शक कायम ठेवून, ज्या ठिकाणी अभ्यासविषयाची सामग्री प्रत्यक्ष तयार होते किंवा वापरली जाते तेथे काही महिने राहून काम करणे, असा तो अर्थ आहे. ज्या संस्थेत तो राहतो तिला या लेखात 'यजमान' म्हटले आहे.

विदाविज्ञान, म्हणजे व्यवहारातील डेटा सायन्स, या विषयात ही गरज इतर विषयांपेक्षा अधिक तीव्र आहे. रसायनशास्त्राच्या संशोधकाला प्रयोगशाळा विभागातच मिळते. इतिहासाचा अभ्यासक दफ्तरखाना गाठतोच. विदाविज्ञानाच्या संशोधकापर्यंत मात्र विदा आयत्या फाइलच्या रूपात पोहोचते. ती कोणी, कोठे, कोणत्या हेतूने आणि कोणत्या घाईत गोळा केली हे त्या फाइलमध्ये लिहिलेले नसते. संगणकशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ज्या 'आयरिस' फाइलवर पहिला धडा गिरवतो, तिच्यातील १५० फुलांची मापे रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केली. पण ती एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने जमवलेली होती. धडा गिरवणाऱ्या किती जणांना अँडरसन ठाऊक असतात? परदेशी संकेतस्थळावरून घेतलेल्या तयार विदेवर एखादी ज्ञात गणनपद्धती चालवायची आणि अचूकता दशांश चिन्हाच्या पुढे थोडी वाढली असे दाखवायचे, एवढ्यावर प्रबंध उभा राहू शकतो. असा प्रबंध खोटा नसतो. त्याला गाव नसते, इतकेच.

प्रस्तुत लेखात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी. विनियम आणि विदाविज्ञानाशी संबंधित काही अधिछात्रवृत्ती योजना यांची तपासणी एका विशिष्ट जागेवरून केली आहे. ती जागा म्हणजे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी. धोरणाचे मूल्यमापन राजधानीतून केले म्हणजे त्यातील रकमा दिसतात. आष्टीतून केले म्हणजे त्यातील अंतरे दिसतात.

पूर्वसूरींचे वास्तव्य

यजमान संस्थेत राहून संशोधन करण्याची कल्पना आयात केलेली आहे, असा एक समज आढळतो. महाराष्ट्राचा आणि भारताचा संख्याशास्त्रीय इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

मराठी वाचकाला इरावती कर्वे 'युगान्त'च्या लेखिका म्हणून परिचित आहेत. त्यांचे डॉक्टरेटचे काम मात्र मोजमापांचे होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत दाखल झाल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अशी धारणा होती की कवटीच्या दोन्ही बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असतो आणि युरोपीय वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा त्यात सापडेल. कर्वे यांनी संस्थेच्या संग्रहातील १४९ कवट्या मोजल्या आणि असा कोणताही संबंध आढळत नाही असा निष्कर्ष लिहिला. हेच फिशर पुढे नाझी वंशवादाचे शास्त्रीय आधारस्तंभ बनले, हे लक्षात घेता त्या निष्कर्षाचे मोल कळते. या उदाहरणात दोन गोष्टी एकत्र आहेत. यजमान संस्थेशिवाय त्या कवट्या मिळाल्या नसत्या. आणि यजमानाच्या मताविरुद्ध लिहिण्याची मोकळीक घेतली नसती, तर त्या मोजण्याला अर्थ उरला नसता. पुढे कर्वे यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा ग्रंथ सिद्ध केला (१९५१). मोजणारा आणि हिशेब करणारा एकमेकांशेजारी बसले की काय होते, याचा तो नमुना आहे.

दुसरे उदाहरण सी. आर. राव यांचे. सुदानमधील जेबेल मोया येथील उत्खननात मिळालेल्या मानवी सांगाड्यांचे विश्लेषण महालनोबिस यांच्या पद्धतीने करता येईल का, अशी विचारणा केंब्रिजच्या वस्तुसंग्रहालयाने कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेकडे केली, आणि १९४६ मध्ये राव तिकडे रवाना झाले. ते गेले संग्रहालयाच्या कामासाठी. त्याच मुक्कामात, १९४८ मध्ये, फिशर (रोनाल्ड, बर्लिनचे नव्हेत) यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची पीएच.डी. पूर्ण झाली. आजच्या भाषेत याला प्लेसमेंटच म्हणावे लागेल.

आष्टीच्या दृष्टीने सर्वांत निकटचे उदाहरण पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध हे त्यांचे जन्मगाव. लंडनहून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतल्यानंतर १९४० च्या दशकात त्यांनी कृषी संशोधन परिषदेत पीक उत्पादनाच्या अंदाजाचे काम हाती घेतले. प्रश्न साधा होता. तालुक्यातील गव्हाचे उत्पादन किती, हे ठरवण्यासाठी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतांत एक लहान तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. पण तुकडा केवढा असावा? महालनोबिस यांचा कल काही फुटांच्या त्रिज्येच्या लहान वर्तुळांकडे होता, कारण त्यात कमी खर्चात अधिक शेते होतात. सुखात्मे यांनी दाखवले की लहान तुकड्यांतून उत्पादन पद्धतशीरपणे जास्त भरते. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कडेची लांबी अधिक. आणि कडेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात आतच वळतो. ही चूक सूत्रात सापडणारी नव्हती. ती विळा धरलेल्या हातात होती आणि ती पाहण्यासाठी बांधावर उभे राहणे आवश्यक होते. सुखात्मे यांचा नमुना पाहणीवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे असा बांधावरचा अनुभव आहे.

व. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि सैद्धांतिक शिक्षणाची एक भक्कम परंपरा महाराष्ट्राला दिली. त्या परंपरेविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. ती टिकून आहे. क्षीण झाली आहे ती दुसरी, बांधावरची परंपरा.

विनियमांचे वाचन

आयोगाचे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्यांचे स्वागत झाले ते प्रामुख्याने दोन कारणांसाठी. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती त्यांनी काढली, आणि अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता दिली. पहिल्या निर्णयाने पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा एक मोठा ग्राहकवर्ग कमी होण्याची शक्यता निर्माण झाली, हे मान्य करावेच लागेल.

तथापि संशोधकाच्या घडणीविषयी विनियम काय म्हणतात हे पाहिले असता एक ठरावीक चित्र समोर येते. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, दर सहामाहीस संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण, अध्यापन आणि लेखनाचे प्रशिक्षण, आठवड्याला चार ते सहा तासांचे अध्यापन वा संशोधन साहाय्य. या सर्व गोष्टी विद्यापीठाच्या आवारात घडतात. संशोधकाने आवाराबाहेर, विदा जेथे जन्मते तेथे, काही काळ राहावे अशी अपेक्षा विनियमांत केलेली नाही आणि त्यासाठी श्रेयांकही राखून ठेवलेले नाहीत. भाषाविषयक प्रबंधासाठी हे चालून जाईल. सर्व विद्याशाखांना एकाच मापाचा अंगरखा शिवला की तो कोणाला तरी तोकडा होणारच.

अर्धवेळ संशोधकासंबंधीचे कलम अधिक बोलके आहे. त्याने आपल्या नियोक्त्याकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणावयाचे असते आणि त्यात तीन बाबी नमूद असाव्या लागतात : अर्धवेळ अभ्यासास परवानगी आहे, कामाचे स्वरूप संशोधनास पुरेसा वेळ मिळेल असे आहे, आणि आवश्यकता भासल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल. तिसरी बाब पुन्हा वाचण्यासारखी आहे. कार्यमुक्ती आहे ती वर्गात बसण्यासाठी. शेतात, कार्यालयात किंवा हवामान केंद्रात जाण्यासाठी ती नाही. ग्रामीण महाविद्यालयातील संगणकशास्त्र, संख्याशास्त्र वा भूगोल या विषयांचा अध्यापक नोकरी सांभाळून पीएच.डी. करतो. त्याच्या दृष्टीने या एका वाक्यात संपूर्ण धोरण सामावले आहे. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाच्या अध्यापक विकास कार्यक्रमातून शिक्षकाला पूर्णवेळ संशोधनासाठी रजा मिळू शकत असे. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि तो आधार पूर्वीसारखा राहिला नाही.

विनियमांत एक उपयुक्त जागा मात्र आहे, आणि तिची नोंद न घेणे अन्यायाचे होईल. सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने अन्य संस्थेतील सहमार्गदर्शक नेमता येतो. विद्यापीठांनी या तरतुदीचा अर्थ बहुधा 'दुसऱ्या विद्यापीठातील प्राध्यापक' असा घेतला. यजमान संस्थेतील पात्र संशोधकाला सहमार्गदर्शक करण्याची वाट तीतूनच निघू शकते.

योजना आणि त्यांचा भूगोल

पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी आणि आयसर अशा संस्थांपुरती होती. पुढे निवडक इतर संस्था त्यात आल्या. पहिल्या दोन वर्षांत दरमहा ७०,००० रुपये आणि अखेरच्या वर्षांत ८०,००० रुपये अशी तिची रक्कम ठरवण्यात आली. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती ३७,००० रुपये झाली. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही सर्वसाधारणपणे याच श्रेणीत विचारात घेतल्या जातात. दोन संशोधक, एकाच विषयातील, एकाच देशातील. एकाला दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. गुणवत्तेच्या नावाने हे समर्थनीय ठरवता येईल. पण योजनेतील एक अट अधिक लक्षणीय आहे. पंतप्रधान अधिछात्राने आठवड्यातून एकदा आपल्या परिसरातील तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था वा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवावे, असे ती सांगते. म्हणजे मोठ्या संस्थेतील संशोधक लहान संस्थेत शिकवायला जाईल. लहान संस्थेतील संशोधकाने मोठ्या संस्थेत सहा महिने शिकायला जावे, ही उलट दिशेची वाट योजनाकारांना सुचलेली दिसत नाही. दानाची कल्पना आहे, देवघेवीची नाही.

मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडिया एआय मोहिमेची तरतूद सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची आहे. तीत लहान शहरांत विदा प्रयोगशाळा उभारण्याचा संकल्प आहे आणि तो स्वागतार्ह आहे. पीएच.डी.साठीच्या साहाय्याची प्रारंभीची रूपरेषा मात्र राष्ट्रीय क्रमवारीतील पहिल्या पन्नास संशोधन संस्थांभोवती आखलेली होती. जेथे संगणक आधीच आहेत तेथे अधिक संगणक, असा हा न्याय झाला.

तुलनेसाठी ब्रिटनकडे पाहता येईल. २०१५ मध्ये केंब्रिज, एडिंबरा, ऑक्सफर्ड, वॉरिक आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांच्या सहभागाने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अ‍ॅलन ट्यूरिंग संस्था सुरू झाली. देशभरातील विद्यापीठांत नोंदणी झालेल्या पीएच.डी. संशोधकांना काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत आपल्याकडे ठेवून घेणारी 'एन्रिचमेंट', म्हणजे समृद्धीची, योजना या संस्थेने राबवली. पदवी मूळ विद्यापीठाचीच राहते. संशोधकाला मिळतो तो सहवास, इतर विषयांतील लोक आणि समस्या. ही मांडणी अनुकरणीय आहे. पण तिचे गुणगान करताना एक गोष्ट विसरू नये. २०२५ मध्ये ब्रिटिश शासनाने या संस्थेने संरक्षण आणि सुरक्षेच्या कामास प्राधान्य द्यावे असा आग्रह धरला. यजमानाचे हेतू बदलतात आणि त्यांच्याबरोबर पाहुण्याचे प्रश्नही बदलू शकतात. बर्लिनमधील १४९ कवट्यांचा संदर्भ येथे पुन्हा लागू पडतो.

महाराष्ट्रात यजमानपणाचा एक नमुना पूर्वीपासून आहे. आयआयटी मुंबईच्या ग्रामीण क्षेत्रासाठीच्या तंत्रज्ञान पर्याय केंद्रात, म्हणजे सितारामध्ये, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ग्रामीण भागात राहून काम करावे लागते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, अर्थात पोकरात, मराठवाडा आणि विदर्भातील पाच हजारांहून अधिक गावांसाठी पाण्याच्या ताळेबंदाचे जे प्रारूप वापरले गेले ते आयआयटी मुंबईच्या गटाने तयार केले. जालना जिल्हा त्या प्रकल्पात होता. गाव मराठवाड्याचे, प्रारूप पवईचे. यात दोष पवईचा नाही. मराठवाड्यातील विद्यापीठांचे संशोधक त्या गटात सहा-सहा महिने का बसवले गेले नाहीत, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो.

आष्टीची विदा

आष्टीत विदा नाही, असे कोणी म्हणणार नाही. ती समजून घेणे किती कठीण आहे हे मात्र फारसे लक्षात येत नाही. प्रारंभ नावापासूनच करता येईल. महाराष्ट्रात आष्टी किमान पाच ठिकाणी आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी हा तालुका आहे. १९४२ च्या हुतात्म्यांमुळे प्रसिद्ध असलेली वर्धा जिल्ह्यातील आष्टी हाही तालुकाच. १८१८ मध्ये ज्या लढाईत बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील. एक आष्टी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात. आणि एक परतूर तालुक्यात. केवळ नावाच्या आधारे दोन तक्ते जोडणारी संगणकीय प्रक्रिया परतूरच्या आष्टीचा पाऊस बीडच्या आष्टीच्या पिकाला लावू शकते, आणि कोणताही इशारा न देता पुढे जाऊ शकते. जनगणनेचे ग्रामसंकेतांक वापरले म्हणजे हे टळते, असे उत्तर येईल. ते खरे आहे. पण जुन्या कागदांवर संकेतांक नसतात.

जुन्या कागदांचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आले; परतूर आले परभणीतून. त्यावेळी पाच तालुके होते, आज आठ आहेत. म्हणून आष्टीच्या पिकांची दीर्घ कालमालिका बांधू पाहणाऱ्याला १९८१ पूर्वीचे आकडे परभणीच्या प्रकाशनांत शोधावे लागतात, आणि १९४८ पूर्वीचे निजामी राजवटीच्या उर्दू कागदपत्रांत, फसली सनाप्रमाणे. ज्या जिल्ह्याशी औरंगाबाद या नावाने तुलना करायची तो २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने नोंदला जातो. एखादी मालिका मध्येच तुटलेली दिसली तर तेथे दुष्काळ होता की राजपत्र, हे सांगणारी गणनपद्धती अद्याप निघालेली नाही. त्यासाठी अभिलेखागारातील एखाद्या जुन्या जाणत्या कर्मचाऱ्याजवळ बसावे लागते. हेही वास्तव्यच, आणि विदाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात त्याला श्रेयांक असायला हरकत नसावी.

आता चालू विदेकडे वळू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून आपल्या गटातील पिकाची नोंद छायाचित्रासह करतो. कागदावर पाहता संशोधकासाठी ही सोन्याची खाण आहे. पण परतूर परिसरात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर घेण्याची पद्धत आहे. सप्टेंबरमध्ये काढलेल्या छायाचित्रात सोयाबीन दिसते, डिसेंबरमध्ये त्याच शेतात फक्त तूर उभी असते. मिश्र पिकाची नोंद कोणी कशी केली, शेजाऱ्याचा भ्रमणध्वनी घेऊन किती नोंदी झाल्या, शेवटच्या तारखेला नेटवर्क होते की नव्हते, या बाबी विदेच्या कोणत्याही स्तंभात येत नाहीत. पेरणीनंतर आठ दिवस गावात राहिलेल्या संशोधकाला त्या आपोआप कळतात.

उपग्रहाच्या विदेत तर सुखात्मे यांचा प्रश्न नव्या वेशात परत आला आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दृश्य प्रतिमेतील एक चौकोन १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. उपग्रहाला जी सर्वांत लहान गोष्ट दिसते ती जवळजवळ एका गुंठ्याएवढी आहे, हा योगायोग मराठी विद्यार्थ्याला शिकवायला फार सोयीचा आहे. वीस गुंठ्यांचे शेत म्हणजे सुमारे वीस चौकोन. त्यांतील कडेच्या चौकोनांत बांध, बांधावरची बाभूळ आणि शेजाऱ्याचा कापूस मिसळलेला. कडेचे रोप आत धरायचे की बाहेर, हा विळ्याचा प्रश्न आता संगणकाला पडतो. शिवाय खरिपात जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे दृश्य प्रतिमा कित्येकदा निरुपयोगी ठरते आणि रडारच्या प्रतिमांवर भिस्त ठेवावी लागते.

हा केवळ तांत्रिक तपशील नाही. २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळाचे प्रत्यक्ष सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा जितके कमी भरेल त्या प्रमाणात भरपाई मिळते. हे प्रत्यक्ष उत्पादन पीक कापणी प्रयोगांतून ठरते. २०२३ च्या खरिपापासून केंद्राने भात आणि गहू या पिकांसाठी तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याचे ठरवले. सोयाबीन त्यानंतर आले. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपात एक रुपयातील विमा बंद केला आणि भरपाई मुख्यतः कापणी प्रयोगांवर आणून ठेवली. अशा स्थितीत एखाद्या प्रारूपाने मंडळाचे उत्पादन एकरी थोडे जास्त दाखवले, तर त्या मंडळातील सर्व विमाधारकांची भरपाई घटते किंवा जाते. प्रबंधातील दशांश चिन्हापुढचा आकडा येथे शेतकऱ्याच्या बँक खात्यात उतरतो. मराठवाड्यात या विषयावर काम करणारा संशोधक हे प्रयोग एकदाही न पाहता पदवी घेऊ शकतो. विनियमांच्या दृष्टीने त्यात काहीही उणे राहत नाही.

यजमान कोण?

संभाव्य यजमानांची यादी लांबवण्याचे कारण नाही. महत्त्वाचा आहे तो प्रत्येकाचा स्वभाव.

परतूरहून रेल्वेने थेट परभणीला जाता येते, आणि तेथे १९७२ मध्ये स्थापन झालेले, आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. हवामान, माती आणि पीक या तिन्हींची दीर्घकालीन निरीक्षणे तेथे आहेत. आष्टीतील महाविद्यालय मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येते. एक विद्यापीठ उच्च शिक्षण विभागाचे, दुसरे कृषी विभागाचे. दोन विभागांच्या मधली भिंत रेल्वेच्या अंतराहून मोठी आहे. जालन्याजवळ खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञ गावागावांत फिरतात, पण पीएच.डी. संशोधकाला सामावून घेण्याचा आदेश त्यांना नाही.

खासगी क्षेत्र जालन्यात दुबळे नाही. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची स्थापना येथेच केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे उद्योगाची वाणचाचण्यांची विदा संशोधकासाठी बहुमोल ठरेल. मात्र खासगी यजमानाकडे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाचा, हे पहिल्या दिवशी लिहून घ्यावे लागते. विमा कंपनीच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट हवी, कारण तिचा आणि शेतकऱ्याचा हितसंबंध एकाच आकड्यावर उलट्या दिशांनी ओढ घेतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधन आणि सांख्यिकीय कामासाठी काही सूट दिली आहे. तिचा वापर विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी करता येत नाही. विम्याच्या विदेवर काम करणाऱ्याने ही मर्यादा पाठच करावी.

या सर्वांवर महाविद्यालयांनी शोधलेला उपाय म्हणजे सामंजस्य करार. नॅकच्या तिसऱ्या निकषाखाली करारांची संख्या विचारली जाते, म्हणून करार होतात. छायाचित्र निघते, प्रमुख पाहुण्यांना श्रीफळ दिले जाते, आणि कराराची प्रत फाइलमध्ये जाते. या करारांनुसार किती संशोधक किती दिवस कोठे राहिले, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात ठळकपणे असता तर निम्मे करार झालेच नसते आणि उरलेले उपयोगी पडले असते. यजमान संस्थेत संशोधकासाठी एक नाव असलेली व्यक्ती जबाबदार असावी. त्याला बसायला टेबल आणि पाहायला कच्ची विदा मिळावी. आणि यजमानाला न पटणारा निष्कर्षही प्रबंधात राहील याची हमी लेखी असावी. याशिवायचा करार हा शिष्टाचार आहे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो अखेर पंचांगाचा आहे. मराठवाड्यात सोयाबीनची कापणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरमध्ये होते. कापणी प्रयोगही तेव्हाच होतात. त्याच काळात महाविद्यालयाचे पहिले सत्र संपत आलेले असते. अंतर्गत परीक्षा, गुणयाद्या आणि विद्यापीठ परीक्षांची तयारी यांत अध्यापक अडकलेला असतो. दिवाळीची सुटी लागते तेव्हा शेत मोकळे झालेले असते, आणि बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचे ढीग लागलेले असतात. अर्धवेळ संशोधन करणाऱ्या शिक्षकाला आज विनियमांनुसार वर्गासाठी जी कार्यमुक्ती मिळू शकते, तीच आश्विनातील पंधरा दिवसांसाठी कर्तव्य रजा म्हणून देण्याचा ठराव विद्यापीठाची विद्यापरिषद आपल्या अधिकारात करू शकते. त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहण्याची गरज नाही. संबंधित महसूल मंडळातील प्रयोगांच्या तारखा तालुका कृषी कार्यालयातून आधी मिळवाव्या लागतील, एवढेच.